एका घटनेच्या दोन स्मृती: प्रदर्शन आणि लोकसहभाग

एकाच घटनेची दोन समाजांना वेगवेगळी आठवण असेल, तर तिच्या प्रदर्शनात लोकांना केवळ प्रेक्षक न ठेवता वस्तू, आठवणी आणि मजकूर यांत भागीदार करून घेणे, ही संग्रहालयांची रुळलेली पद्धत आहे. नांदेड आणि लातूर परिसरात अशी घटना म्हणजे हैदराबाद संस्थानाचा शेवट.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय लष्कर संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला संस्थानाचा शासक निजाम याने शस्त्रे खाली ठेवली. हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. या पहिल्या स्मृतीत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा, संस्थानाच्या सरहद्दीवरील लढवय्यांचे कॅम्प, ३० जानेवारी १९४८ ची उमरी बँकेवरील त्यांची कारवाई आणि निजामाच्या बाजूच्या रझाकार या सशस्त्र दलाचे अत्याचार आहेत. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करीत असे.

दुसरी स्मृती त्यानंतरच्या आठवड्यांची आहे. अनेक गावांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. हा अहवाल कित्येक दशके जनतेसमोर आला नाही.

अशा विषयाची मांडणी तीन टप्प्यांत होते. पहिला संकलनाचा: स्वातंत्र्यसैनिकांना मिळालेले ताम्रपट, छायाचित्रे, निजामाच्या हाली सिक्क्याची नाणी, उर्दू दप्तरातील कागद घराघरांतून मिळवले जातात आणि दात्याची, वस्तूची माहिती नोंदवली जाते. दुसरा मुलाखतींचा: संमती घेऊन ध्वनिमुद्रण होते, मागितल्यास नाव झाकले जाते, आणि डोळ्यांनी पाहिलेले व ऐकीव वेगळे ठेवले जाते. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले आता पंच्याऐंशी ओलांडून गेले आहेत, म्हणून हा टप्पा सर्वांत निकडीचा. तिसरा निवडीचा: फलकांचा मसुदा दोन्ही समाजांतील लोकांना आधी वाचायला दिला जातो. उद्घाटनानंतर ठेवलेली अभिप्राय वही ही या सहभागाची जागा घेऊ शकत नाही.

अशा लोकसहभागाचे एक उदाहरण म्हणजे १९९४ मध्ये सुरू झालेले केपटाउनचे डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय. वर्णद्वेषी राजवटीने हुसकावलेल्या साठ हजारांहून अधिक रहिवाशांच्या वस्तीचा नकाशा तेथे जमिनीवर अंथरलेला आहे आणि जुन्या रहिवाशांनी त्यावर आपली घरे नोंदवली. अमृतसरच्या फाळणी संग्रहालयातही कुटुंबांनी दिलेल्या वस्तू आणि ध्वनिमुद्रित आठवणी आहेत.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. दोन्ही स्मृती शेजारी शेजारी मांडणे म्हणजे अत्याचारांची बरोबरी करणे नव्हे. प्रत्येक घटनेचा काळ, कर्ता आणि पुरावा स्वतंत्रपणे सांगावा लागतो. जिवंत कुटुंबांची नावे उघड झाल्यास जुने वैर पुन्हा पेटू शकते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत आहे. असे संकलन विद्यापीठाने, स्थानिक शाळांनी आणि कुटुंबांनी मिळून करणे शक्य आहे, आणि साक्षीदार हयात असेपर्यंतच ते करायला हवे.