आळशी डोळा : पट्टी की खेळ?

म्हणजे काय? मेंदू एका डोळ्याचे चित्र डावलतो आणि त्या डोळ्याची नजर नीट घडत नाही. डोळा वरून निरोगी दिसू शकतो. वैद्यकीय नाव अँब्लिओपिया. प्रमाण साधारण १०० मुलांमागे २ ते ३.

कारणे : तिरळेपणा, दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक, जन्मजात मोतीबिंदू, ओघळलेली पापणी. मूल सहसा तक्रार करत नाही. चांगला डोळा काम निभावून नेतो. त्यामुळे शाळेत घालण्याआधी एकेक डोळा झाकून तपासणी आवश्यक.

आधी चष्मा. काहींना तेवढाच पुरतो.

पट्टी : चांगल्या डोळ्यावर लावतात, आळशी डोळ्यावर नव्हे. ती त्वचेला चिकटवायची. चष्म्यावर लावली की मुले कडेने बघतात. मध्यम दोषात बहुधा रोज २ तास, तीव्र दोषात ६ तास. फार वेळ बांधल्यास चांगल्या डोळ्याची नजर उतरू शकते, म्हणून ठरावीक काळाने फेरतपासणी हवीच. पट्टीला पर्याय : चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब.

खेळ : दोन्ही डोळे उघडे. खास चष्म्यातून प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र, चांगल्या डोळ्याला फिकट. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ठोकळ्यांचा असा खेळ पट्टीपेक्षा सरस ठरला नाही. बहुतेक मुले ठरल्याइतका वेळ खेळलीच नाहीत. २०२१ मध्ये अमेरिकेत ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी हेडसेटवर व्हिडिओ दाखवणाऱ्या ल्युमिनोपियाला मान्यता मिळाली. मोबाइलवरचे साधे खेळ म्हणजे हा उपचार नव्हे.

वय : सातव्या वर्षाआधी गुण सर्वाधिक. त्यानंतरही, किशोरवयापर्यंत, काहींची नजर सुधारते.