पडद्याचे माप

सुमारे ५,००० वर्षांपूर्वी, आज ज्यास इराक म्हणतात त्या भूमीत, लेखनिक ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूने लिहीत असत. धान्याची पावती किंवा मेंढरांचा हिशेब लिहावयाचा असला, तर तळहातावर मावेल एवढी पाटी पुरे होई. मजकूर दीर्घ असला, तर पाटीही मोठी घडवीत. आजच्या टॅबलेटचे नाव मोठे अन्वर्थक आहे. ह्या शब्दाचा मूळ अर्थ लहान फळी असाच आहे. फरक एवढाच, की ही काचेची पाटी हवी तेवढी घडविता येत नाही; ती दुकानातून निवडून आणावी लागते.

दुकानदार विचारतो, “आठ इंची हवा, दहा इंची, की तेरा इंची?” हा आकडा पडद्याच्या लांबीचा नव्हे, रुंदीचाही नव्हे; तो कर्णाचा होय. आरंभीच्या दूरचित्रवाणी संचांतील चित्रनळीचे तोंड गोल असे व त्याचे माप व्यासाने सांगत. पुढे पडदा चौकोनी झाला, परंतु कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजण्याची रीत मागे राहिली.

हा कर्ण मोठा फसवा असतो. ८ इंच लांब व ६ इंच रुंद पडद्याचा कर्ण, पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे, १० इंच भरतो. क्षेत्रफळ ४८ चौरस इंच. आता त्याच घडणीचा ५ इंची पडदा घ्या. तो निम्मा असेल असे वाटते ना? पण त्याची लांबी ४ इंच व रुंदी ३ इंच. म्हणजे क्षेत्रफळ अवघे १२ चौरस इंच, मोठ्या पडद्याच्या केवळ चौथाई! शिवाय सर्वच दहा इंची पडद्यांची घडण सारखी नसते. लांबट, अरुंद पडदा चित्रपटास सोयीचा. पुस्तकाच्या पानास चौरसाकडे झुकणारा बरा.

वाचनाचेही दोन प्रकार आहेत. काही पुस्तकांत अक्षर मोठे केले, की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. अशी गोष्टींची पुस्तके वाचण्यास आठ इंची पडदा उत्तम. परंतु पाठ्यपुस्तकाचे पान अनेकदा छायाचित्राप्रमाणे जसेच्या तसे पडद्यावर येते. पडदा लहान असला, तर सबंध पान आक्रसते. ए-४ आकाराचे पान वरील घडणीच्या आठ इंची पडद्यावर निम्म्याहून किंचितच मोठे दिसते. दहा इंचीवर ते दोन तृतीयांश होते, आणि तेरा इंचीवर जवळजवळ पूर्ण. कागदावर ३ मिलिमीटर उंचीचे अक्षर आठ इंची पडद्यावर दीड मिलिमीटरच्या आसपास येते.

इंग्रजी अक्षर एवढे लहान झाले तरी एक वेळ चालून जाते. देवनागरीचे तसे नाही. आपल्या अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, तर पायाशी उकार. शिरोरेषेवरील एक टिंब नजरेतून निसटले, की ‘वंदन’ ह्याचे ‘वदन’ होते! मग मूल पडदा डोळ्यांजवळ आणू लागते; बोटांनी पान ताणून मोठे करते, तर ओळीचे टोक पडद्याबाहेर जाते. टॅबलेट घरात पुन्हापुन्हा घेतला जात नाही. त्यात साठविलेले पैसे खर्ची पडतात, आणि माप चुकले तर त्याचा शीण डोळ्यांना सोसावा लागतो. अभ्यासासाठी दहा-अकरा इंचांहून लहान पडदा घेऊ नये, हेच खरे.

मग सर्वांनी तेरा इंचीच का घेऊ नये? चित्रकाराने अवश्य घ्यावा. त्याचा हात कोपरापासून फिरतो, त्याला ऐसपैस जागा लागते. परंतु पडद्याबरोबर वजनही वाढते. आठ इंची यंत्र सुमारे ३०० ग्रॅमचे असते, दहा-अकरा इंची साधारण अर्ध्या किलोचे, आणि तेरा इंची बहुधा त्याहूनही जड. अमेरिकन एअरलाइन्स ह्या कंपनीने २०१३ साली वैमानिकांची सुमारे १६ किलो वजनाची कागदपत्रांची पिशवी काढून तिच्या जागी टॅबलेट दिला. छोटी विमाने चालविणारे अनेक जण तर मांडीवर बांधता येईल एवढाच लहान पडदा पसंत करतात. अ‍ॅपल कंपनीचा २०१० सालचा पहिला आयपॅड ९.७ इंचांचा होता. २०१२ साली ७.९ इंचांचा धाकटा आला, २०१५ साली १२.९ इंचांचा थोरला. एका मापाने सर्वांची सोय होत नाही, हे त्यावरून उघड होते.

दुकानात जाण्यापूर्वी घरीच एक प्रयोग करावा. पुठ्ठ्याचे आयत कापावेत: एक ६.४ इंच लांब व ४.८ इंच रुंद, दुसरा ८ इंच व ६ इंच, तिसरा १०.४ इंच व ७.८ इंच. हे अनुक्रमे आठ, दहा व तेरा इंची पडदे झाले. प्रत्येक पुठ्ठा पाठ्यपुस्तकाच्या पानावर ठेवून पान किती झाकले जाते ते पाहावे. नंतर अर्धा किलो साखरेची पुडी एका हातात धरून दुसऱ्या हाताने धड्याची चार पाने उलटावी. हात अवघडला, तर यंत्र टेकविण्यास मेज किंवा पाट लागेल, हे तेव्हाच कळून येते.