खारी हवा आणि अधूनमधून अडणारी काच

मोटारीची विजेवर वरखाली होणारी काच, म्हणजे पॉवर विंडो, कायमची बंद पडली तर दोष शोधणे तुलनेने सोपे असते. खरी कसोटी लागते ती काच सकाळी अडते, दुपारी चालू लागते आणि गॅरेजमध्ये नेल्यावर कोणतीही तक्रार दाखवत नाही तेव्हा. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि तपासणीनंतर ती 5 वर्षांसाठी वाढवता येते. त्यामुळे मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या रस्त्यांवरील कित्येक मोटारींच्या वायरिंगने दीड दशकाचा पावसाळा आणि खारा वारा सोसलेला असतो. सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांपलीकडे गेली की मीठ हवेतील बाष्प ओढून घेऊन त्यातच विरघळते. पावसाळ्यात किनाऱ्यावर ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि वायरच्या टोकांवर बसलेल्या या खाऱ्या ओलाव्यामुळे तांब्यावर हिरवा थर चढून विजेची वाट अरुंद होत जाते.

साध्या रचनेच्या जुन्या मोटारीत बॅटरीची वीज फ्यूज आणि रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, यांतून दरवाजावरील स्विचकडे व तेथून मोटरकडे जाते; स्विच प्रवाहाची दिशा उलटवतो आणि त्यानुसार काच चढते किंवा उतरते. म्हणूनच काच उतरते पण चढत नाही, अशी तक्रार असेल तर मोटर बहुधा निर्दोष असते आणि संशय स्विचच्या ठिणग्यांनी काळवंडलेल्या संपर्कपट्ट्यांवर किंवा चालकाजवळचा मुख्य स्विच आणि त्या दरवाजाचा स्विच यांच्यामधील वायरवर घ्यावा लागतो. सगळ्याच काचा एकदम थांबत असतील, तर फ्यूज, रिले, मुख्य स्विच आणि अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी असलेली जोडणी, आधी पाहावी.

सर्वाधिक दुर्लक्षित जागा मात्र बिजागरीजवळ असते. दरवाजा आणि खांब यांच्यामधील रबरी नळीतून जाणाऱ्या वायरी प्रत्येक उघडझापीला वाकतात, आणि वरचे आवरण शाबूत राहूनही आतील तांब्याच्या तारा एकेक करून तुटतात. दरवाजा विशिष्ट कोनात असतानाच काच चालत असेल, तर ही नळी सोडवून प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहावी. तुटलेली वायर ओढताना रबरासारखी ताणली जाते. हे काम बॅटरीची जोडणी काढूनच करावे.

मोजमापातही एक फसवणूक दडलेली आहे. मल्टिमीटर अत्यंत कमी प्रवाह घेत असल्यामुळे एकच तार शिल्लक राहिलेली वायरसुद्धा त्यावर पूर्ण 12 व्होल्ट दाखवते, मोटरला मात्र त्या वाटेने पुरेसा प्रवाह मिळत नाही. त्यासाठी मोटरच्या जोडणीवर ब्रेक लाइटचा 21 वॅटचा बल्ब लावून स्विच दाबणे अधिक विश्वसनीय ठरते, कारण तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह मागतो आणि कमकुवत वाटेवर मिणमिणतो. ही तपासणी दोष हजर असतानाच करावी. दुपारच्या कोरड्या उन्हात मिळालेल्या उत्तराला फारसा अर्थ नसतो.

काही वेळा वीज ठीक असते आणि अडथळा यांत्रिक असतो. जांभ्याची तांबडी धूळ काचेच्या रबरी खाचेत साचली की मोटरवर ताण येतो, ती तापते आणि तिच्यातील संरक्षक यंत्रणा प्रवाह तोडते, मोटर थंड झाल्यावर तो पुन्हा जोडला जातो. खाच धुऊन सिलिकॉनचा फवारा मारल्यास काच हलकी होते. साधे तेल वा ग्रीस तेथे लावू नये, त्यात धूळ चिकटते आणि रबर फुगते.

तुटलेली वायर नुसती पिळून टेप गुंडाळणे खाऱ्या हवेत टिकत नाही. तेवढ्याच जाडीची, बारीक तारांची लवचिक वायर वापरावी आणि सांधा वाकणाऱ्या भागाबाहेर घेऊन बंदिस्त करावा. दरवाजाच्या तळाची पाणी निचरण्याची छिद्रेही पावसाळ्यापूर्वी मोकळी करावीत. नव्या मोटरचा खर्च मात्र बल्ब पूर्ण तेजाने पेटत असूनही, खाच स्वच्छ असूनही काच हलत नसेल, तेव्हाच करावा.