काळोख म्हणजे कोरी जागा



फोटोतली जादू म्हटली की आज संगणक आठवतो. पण ही जादू संगणकाच्या कितीतरी आधीची आहे आणि ती थेट कॅमेऱ्यातच व्हायची. तिचं सूत्र एकच : प्रकाश आत कधी आणि कुठे घ्यायचा, हे आपण ठरवायचं.

दादासाहेब फाळके यांचंच बघा. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या या माणसाने गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवला होता. १९१२ साली सिनेमा काढायचा म्हणून त्यांनी लंडनहून कॅमेरा आणला. पण भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम टिपली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत दिसली! ‘अंकुराची वाढ’ पाहून पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

हा ‘कधी’चा खेळ झाला. ‘कुठे’चा खेळ आपण घरी करू : एकाच फोटोत एकच माणूस दोनदा.

रात्री पडदे ओढून घ्या. मागे काळं कापड लावा, पुढे दोन खुर्च्या जरा लांब लांब ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवा. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ-८, शटर २० सेकंद. फोकस दिवा चालू असतानाच करून मॅन्युअलवर ठेवा, कारण अंधारात ऑटोफोकस चाचपडतो. आता दिवा मालवा आणि शटर उघडा. डाव्या खुर्चीतल्या माणसावर बाजूने टॉर्च २-३ सेकंद फिरवा. टॉर्च बंद. अंधारातच त्याला उजव्या खुर्चीत जाऊ द्या आणि पुन्हा तेवढाच वेळ टॉर्च मारा.

हे जमतं कसं? फिल्म असो वा सेन्सर, तिथे साठतो तो प्रकाश. जिथे प्रकाश पोचलाच नाही, ती जागा कोरी राहते आणि नंतर भरता येते.

काळ्या कापडाऐवजी पांढरी भिंत असेल तर? टॉर्चचा उजेड भिंतीवरही पडतो, त्या जागी आधीच साठतो आणि माणूस आरपार दिसू लागतो. भूत दाखवायची जुनी युक्ती हीच.

इथे ‘अनडू’चं बटण नाही. कोण कुठे बसणार, टॉर्च कुठून मारायचा, सगळं शटर उघडण्याआधी ठरलेलं हवं. म्हणून पहिल्याच फोटोवर निराश होऊ नका. चेहरा फिका आला तर टॉर्च थोडा जास्त वेळ मारा, पांढराफटक आला तर कमी वेळ. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार-पाच फोटोंत हात बसेल.