मोडलेला घोटा : स्क्रू की प्लास्टर?

तुमच्या घोट्याच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे बोटांनी चाचपून पाहा. ते पावलाचेच भाग आहेत असे तुम्हांला वाटत असेल; पण ती आहेत गुडघ्याखालच्या दोन हाडांची टोके. आतले नडगीच्या हाडाचे, बाहेरचे त्याच्या शेजारच्या बारीक हाडाचे. या दोहोंमधल्या खोबणीत पावलाचे सर्वांत वरचे हाड चपखल बसलेले असते. ते केवळ 1 मिलिमीटर बाहेर सरकले तर सांध्यातील हाडांचे एकमेकांना टेकणारे क्षेत्र सुमारे 42 टक्क्यांनी घटते, असे 1976 मध्ये रॅमसे व हॅमिल्टन यांनी प्रयोगाने दाखवले. म्हणूनच घोटा मोडून खोबण ढिली झाली की शस्त्रवैद्य हाडे जागेवर आणतात आणि धातूची पट्टी व स्क्रू यांनी जखडून टाकतात.

तरुणांच्या बाबतीत हे ठीक. पण आजी न्हाणीघरात घसरून पडल्या तर? म्हातारपणी हाडे विरळ होतात. वाळवी लागलेल्या फळीत स्क्रू पिळून पाहा. तो नुसता गरगर फिरतो. तेच इथे. शिवाय घोट्यावर मांस जवळजवळ नाहीच. पट्टीवर आवरण असते ते केवळ कातडीचे, आणि तीही पातळ झालेली. जखम चिघळण्याची भीती असते ती यामुळे. मधुमेह असेल तर अधिकच.

मग प्लास्टर का नको? नेहमीच्या प्लास्टरखाली कापसाचा जाड थर असतो. सूज उतरली की ते सैल होते आणि आत हाड सरकते. त्यावर तोड अशी : रुग्णाला भूल द्यायची, हाडे हाताने जुळवायची आणि अगदी थोडा कापूस ठेवून प्लास्टर पायाच्या आकाराबरहुकूम बसवायचे.

ब्रिटनमधील 24 रुग्णालयांत साठीपुढच्या 620 रुग्णांवर या दोन उपचारांची तुलना झाली. कोणाला कोणता उपचार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. म्हणजे डॉक्टरांची आवडनिवड आड येत नाही. निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांचे घोटे जवळजवळ सारखेच काम देत होते! जखमेच्या तक्रारी मात्र शस्त्रक्रियेच्या गटात 10 टक्के, तर प्लास्टरच्या गटात 1 टक्का.

पण लगेच प्लास्टरच्या बाजूने टाळ्या वाजवू नका. हाडे वाकडी जुळण्याचे प्रमाण प्लास्टरमध्ये 15 टक्के, शस्त्रक्रियेत 3 टक्के होते. आणि प्लास्टर घातलेल्या दर पाचांतील जवळजवळ एकाला पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा क्ष-किरण चित्र काढून हाड सरकले नाही ना, हे पाहतात. आजी कितीही कुरकुरल्या तरी त्यांना त्या दिवशी दवाखान्यात न्यायलाच हवे.