सरफोजी या नावामागील हुसेनचरित

तंजावूरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात ज्यांचे नाव पदोपदी भेटते ते दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८-१८३२). दरबारी कवींनी या नावाचे 'शरभ', 'शरभेंद्र' असे संस्कृतीकरण केले, आणि पौराणिक शरभाची छाया त्यावर पडली. वस्तुतः 'सरफोजी' हे 'शरीफजी'चेच रूप होय. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शहा शरीफ या सत्पुरुषाच्या प्रसादाने झालेल्या पुत्रांना शहाजी व शरीफजी अशी नावे दिली. परमानंदाच्या 'शिवभारता'त हा वृत्तान्त येतो. त्या काव्याची पोथी तंजावुरातच सापडावी, हा योगायोगही अर्थपूर्ण आहे. शहाजींचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावूर घेतले. त्यांच्याही पुत्रांत शहाजी व सरफोजी हीच जोडी पुन्हा दिसते.

'शरीफ' म्हणजे कुलीन. पुढे ही पैगंबरकन्या फातिमेच्या वंशजांची उपाधी झाली. हे कुल म्हणजे हसन व हुसेन यांचे. त्याला आदराचे जे वलय लाभले ते मुख्यतः हुसेनच्या चरित्रामुळे, म्हणून ते चरित्र येथे पाहणे अगत्याचे आहे.

हुसेनचा जन्म मदिनेत ६२६ च्या सुमारास झाला. ६६१ मध्ये पिता अली यांचा कूफा येथे वध झाला. थोरल्या हसनने मुआवियाशी तह करून खिलाफत सोडली. हुसेनने तो तह मुआवियाच्या हयातीत पाळला. ६८० मध्ये मुआविया वारला आणि त्याने आधीच नेमलेला पुत्र यजीद गादीवर आला, तेव्हा मात्र हुसेनने निष्ठेची शपथ नाकारली. शपथेवाचून खिलाफतीला मान्यता नाही, हा तेव्हाचा संकेत ध्यानात घेतला की या नकाराचे राजकीय वजन कळते. कूफावासीयांनी पत्रे धाडून त्यांना बोलाविले. परंतु पुढे पाठविलेला चुलतभाऊ मुस्लिम मारला गेला आणि बोलावणारे गप्प बसले. करबला येथे फरात नदीचे पाणी तोडण्यात आले. १० मोहरम, अर्थात १० ऑक्टोबर ६८० रोजी हुसेन व परंपरेनुसार त्यांचे ७२ सोबती पडले. पुत्र जैनुल आबिदीन आजारी असल्याने वाचला. बंदिवान भगिनी जैनब दमास्कसला यजीदसमोर निर्भयपणे बोलली. करबलेची हकीकत मागे राहिली ती बव्हंशी या पराभूतांच्या तोंडून. कासिमच्या विवाहासारखे करुण प्रसंग उत्तरकालीन आख्यानकारांची भर होत. इतिहास म्हणून ते घेता येत नाहीत, पण दखनी मर्सियांचा प्राण तेच.

मराठी मुलखात ही कथा ग्रंथापेक्षा ताबूत आणि पंजा यांच्याद्वारे अधिक पोचली. पंजाची पाच बोटे म्हणजे महंमद, फातिमा, अली, हसन आणि हुसेन. तंजावूरजवळच्या कासवळनाडू पुदूर या गावी बहुसंख्य हिंदू ग्रामस्थ मोहरम पाळतात, पंजाची मिरवणूक काढतात आणि निखाऱ्यांवरून चालतात.