मुरलीपुऱ्याच्या गच्चीवरून उष्णता जाते कुठे?

जयपूरच्या मुरलीपुऱ्यातून सीकर रोडने उत्तरेकडे निघालं की चौमू लागतं, मग सीकर, फतेहपूर आणि पुढे चुरू. या चुरूत २८ मे २०२४ रोजी पारा ५०.५ अंश सेल्सियसवर गेला होता. त्याच चुरूत जानेवारीतल्या एखाद्या पहाटे तो शून्याच्या खाली उतरतो. फतेहपूरच्या शेतांत पिकांवरचं दव गोठतं, उभ्या गाड्यांच्या टपांवर पांढरा थर धरतो. हा भाग ना हिमालयात, ना ध्रुवाजवळ. दिवसभर ऊन खाल्लेल्या वाळूतली ऊब रातोरात जाते तरी कुठे?

ती वर जाते. सरळ अंतराळात.

प्रत्येक उबदार वस्तू किरण फेकत असते. वाळू, भिंत, गच्ची, आपला तळहात, सगळ्यांतून अवरक्त किरण निघत असतात. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत इतकंच. मुरलीपुऱ्याच्या शेजारीच विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र आहे. भट्टीचं तापमान दुरूनच मोजणारी पिस्तुलासारखी ‘गन’ अशा कारखान्यांत वापरतात. ती घेऊन हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री गच्चीवर जा. फरशीकडे रोखली तर आकडा शून्याच्या बराच वर. आता ती थेट डोक्यावरच्या आकाशाकडे रोखा. आकडा घसरत घसरत शून्याखाली जातो. हळूहळू क्षितिजाकडे झुकवा, तर तो पुन्हा चढू लागतो, कारण तिकडे नजरेच्या वाटेत हवेचा थर जाड असतो. एखादा ढग आला की आकडा एकदम उसळी घेतो. पृथ्वीची उष्णता अडवून थोडी खाली परत पाठवणारं पांघरूण कुठे विरळ आहे आणि कुठे दाट, हे अशा साध्या यंत्राने मोजता येतं. मुंबईत ऑगस्टमध्ये हाच प्रयोग केला तर आकडा फारसा घसरणार नाही. तिथल्या हवेत बाष्प खच्चून भरलेलं असतं, म्हणून तर दादरची रात्र दिवसाइतकीच घामट.

आकाशाच्या या गारव्याचा उपयोग आपल्याकडे फार पूर्वीपासून होत होता. अलाहाबादला थंडीतल्या स्वच्छ रात्री उथळ मातीच्या भांड्यांत पाणी ठेवून बर्फ जमवत. रॉबर्ट बार्कर याने १७७५ साली त्याचं वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. आजूबाजूची हवा शून्यावर नसतानाही पाणी गोठायचं, कारण ते आपली उष्णता उघड्या आकाशाला देऊन टाकायचं.

हे पांघरूण नसतं तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. ते आहे सुमारे १५. ही किमया नायट्रोजन-ऑक्सिजनची नाही. हवेत ९९ टक्के तेच असले तरी अवरक्त किरण त्यांच्यातून आरपार जातात. अडवतात ते बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांसारखे किरकोळ प्रमाणातले वायू. जॉन टिंडल याने हे १८५९ साली प्रयोगाने दाखवलं. कारखानदारी वाढण्यापूर्वी हवेच्या दर दहा हजार रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे तीनही नव्हते. आज चाराहून थोडे जास्त आहेत. एवढ्याशा फरकावर सगळ्या जगाचा ताप चढतो आहे.

हा जादा कार्बन कोळसा-तेलाचाच कशावरून? त्याच्यावर खूण आहे. जिवंत झाडांत किरणोत्सारी कार्बन-१४ अल्प प्रमाणात असतो आणि झाड मेल्यावर ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात तो मुळी उरलेलाच नाही. हवेतला कार्बन-१४ या मृत कार्बनाने पातळ होत चालल्याचं मोजमापांत दिसतं. आणि सूर्य? जयपूरला सूर्याचं मोल सांगायला नको; जंतरमंतरमधलं सवाई जयसिंगाचं सुमारे २७ मीटर उंचीचं सम्राट यंत्र सावलीवरून दोन सेकंदांपर्यंतची वेळ दाखवतं. पण सूर्य तापल्यामुळे हे घडत असतं तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा स्थितांबर थंड होतो आहे. खालचं पांघरूण जाड झाल्याचीच ही खूण.

म्हणजे कारणाबद्दल शंका उरलेली नाही. खरं कोडं आहे ते धुळीत, धुरात आणि ढगांत.

उन्हाळ्यात थरच्या वाळवंटातून आंधी उठली की जयपुरात भर दिवसा अंधारून येतं. ही धूळ दिवसा ऊन अडवून जमीन गार ठेवते, पण जमिनीची उष्णताही धरून ठेवते. जमाखर्चात कोणती बाजू किती जड, यावर अजून मोजणी चालू आहे. कोळशाच्या धुरातून बनणारे सल्फेटचे कण ऊन परतवतात, काजळी ते शोषते. शिवाय असल्या कणांभोवती ढगांचे थेंब जमतात. कण जास्त तर थेंब बारीक आणि पुष्कळ, आणि ढग अधिक शुभ्र. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेल्या २०२० सालच्या सरकारी अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारत सुमारे ०.७ अंशांनी तापला. जगाच्या सरासरीपेक्षा हे कमी. त्यामागे धुरक्याच्या सावलीचा हात आहे, असं तो अहवाल सांगतो.

ही सावली किती दाट? हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे ‘आयपीसीसी’च्या २०२१ सालच्या अहवालातले आकडे बघा. पांघरूण जाड करणाऱ्या या हरितगृह वायूंनी जगाला १ ते २ अंशांनी तापवलं. माणसाच्या इतर उद्योगांनी, मुख्यतः या कणांनी, शून्य ते ०.८ अंशांनी गार केलं. वजाबाकी होऊन आपल्या वाट्याला आले सुमारे १.१ अंश. वजाबाकीचं उत्तर थर्मामीटरवर स्वच्छ दिसतं, दोन्ही मूळ रकमा मात्र धूसर.

ढगांचं प्रकरण याहून अवघड. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर नुसत्या त्याच्याने तापमान १.२ अंशांच्या आसपास वाढेल. पण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प सामावू शकते आणि बाष्प आणखी तापवतं. खालचे दाट ढग सावली धरतात, उंचावरचे विरळ ढग ऊब धरतात; जग तापेल तसे दोन्ही बदलणार. म्हणून या दुपटीने एकूण किती तापेल याचा १९७९ साली अंदाज होता दीड ते साडेचार अंशांचा. चार दशकांच्या खटपटीनंतर २०२१ साली तो अडीच ते चारवर आला. मोठी टोकं दोन्हीकडून छाटली गेली, पण ‘काहीच होणार नाही’ हे उत्तर पहिल्या अंदाजातही नव्हतं.

अनिश्चितता म्हणजे दिलासा, असं समजण्यात इथेच चूक होते. धुरक्याने जेवढा ताप झाकला असेल, तेवढं आपलं पांघरूण थर्मामीटरवरून वाटतं त्याहून जाड. शिवाय धुराचे कण काही दिवसांत, फार तर आठवड्यांत पावसाबरोबर खाली येतात; कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा शतकानुशतकं हवेत राहतो. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली. त्यानंतरच्या विक्रमी उष्णतेत या स्वच्छतेचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ आजही भांडताहेत. उत्तर भारताला आपली हवा स्वच्छ करावीच लागेल, फुप्फुसांसाठी तर आजच. ती जसजशी निवळेल तसतसा दडलेला आकडा उघडा पडेल. तो लहान निघाला तर चांगलंच. मोठा निघाला तर कोळसा कमी करायला आपल्याकडे वाटतो त्याहून कमी वेळ आहे.